काळ्या पोटातल्या दोन तारा

फक्रुद्दीन कुशनवाल्याच्या हातून चाळीस वर्षांत कुणाचा जीव गेला नव्हता. त्याच्या धंद्यात तशी सोयच नव्हती. जीपची सीट, ट्रॅक्टरचं हूड, मोटरसायकलचं रेग्झिनचं कव्हर, यातलं काहीही अंगावर पडलं तरी माणूस कपडे झटकून चालू लागतो. त्यामुळे नोव्हेंबरातल्या त्या रविवारी सकाळी, पाथर्डीबाहेरच्या माळावर उभं असताना, आपल्यामुळे आता एखादं माणूस मरू शकतं हे जेव्हा त्याच्या लक्षात आलं, तेव्हा अशा वेळी चेहरा कसा ठेवायचा याचा त्याला काहीच सराव नव्हता.

विमान त्याचं नव्हतं. ते सहादेव गर्जेचं. सहादेव हा फक्रुद्दीनचा शाळेपासूनचा दोस्त, एस.टी.च्या वर्कशॉपातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला. निवृत्तीनंतर काही माणसं देवळाकडे वळतात, काही सोसायटीच्या निवडणुकीकडे. सहादेव वर आकाशाकडे वळला. थर्माकोलची विमानं करायची, रिमोटवर उडवायची, आणि ती पडली की सायकलवर जाऊन तुकडे गोळा करून आणायचे, असा त्याचा दिनक्रम. एक विमान मच्छिंद्र शेळीवाल्याच्या कळपात उतरलं. सहादेव पोचेपर्यंत एका शेळीनं त्याचं शेपूट चघळायला घेतलं होतं. त्यानंतर आठवडाभर दूध कडू लागतं अशी मच्छिंद्रची तक्रार होती, पण तो रोज सकाळी विमान बघायला येतच राहिला. फक्त शेळ्या लांब बांधून यायचा.

नवं विमान मात्र शेळीला जमण्यासारखं नव्हतं. पुण्याच्या एका हौशी गृहस्थांना डोळ्यांनी दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी ते सहादेवला देऊन टाकलं. पंखांची लांबी आठ फूट, वजन सव्वादोन किलो, नाकाशी घडी होणारा पंखा. आणि धड सगळं कार्बन फायबरचं. काळं, गुळगुळीत, टिचकी मारली तर टणटण वाजणारं, पुढं निमुळतं होत गेलेलं. पाठीवरचं झाकण तेवढं पांढरं, साध्या फायबरचं, कुलरच्या टाकीच्या जातीतलं.

त्यात रेडिओ बसवून दिला फक्रुद्दीनच्या मुलीनं, अंजुमनं. जुन्या स्टँडजवळ तिचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. रिमोटचा हुकूम ऐकणारा रिसीव्हर म्हणजे काडेपेटीएवढा डबा. त्यातून दोन बारीक तारा निघतात. त्यांची टोकं म्हणजे विमानाचे कान. अंजुमनं विमानाच्या पोटाला दोन भोकं पाडली, तारा बाहेर काढल्या, एक उभी, एक आडवी, अशा बसवल्या. शनिवारी दुपारी तिनं रिमोटची ताकद मुद्दाम कमी केली, तीस पावलं लांब गेली, सहादेवला विमान चारी बाजूंनी फिरवायला लावलं. दर खेपेला शेपूट आणि पंखांच्या पट्ट्या व्यवस्थित हलल्या. मग ती दुकान उघडायला गेली.

संध्याकाळी विमान फक्रुद्दीनकडे आलं. त्यासाठी त्यानं गाद्यांच्या कापडाचं कव्हर शिवलं होतं, ते मापात बसतं का बघायचं होतं. कव्हर बसलं. पण कव्हर बसवताना दोन्ही तारा अडकत होत्या.

इथं फक्रुद्दीनच्या कामाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. त्याच्या शिलाईला दोऱ्याचं टोक दिसत नाही. शेवगाव, पाथर्डी, पार आष्टीपर्यंतचे जीपवाले त्याची सीट उलटी करून बघतात आणि खाली ठेवतात. त्याच्या उस्तादानं त्याला पहिली दोन वर्षं शिवायला दिलंच नव्हतं, नुसती टोकं आत घ्यायला लावली होती. तेव्हापासून कुठंही काही लोंबताना दिसलं की त्याच्या बोटांना राहवत नाही. लग्नात नवरदेवाच्या फेट्यातून निघालेला दोरा त्यानं बोहल्यावर जाऊन आत खोचला होता.

तर त्या तारा त्याला दिसल्या. चकचकीत काळ्या पोटाखाली, झुरळाच्या मिशांसारख्या. पोरगी हुशार आहे, पण फिनिशिंगला कच्ची, असं त्याला वाटलं. त्यानं झाकण काढलं, तारा अलगद आत ओढल्या, दुमडून रिसीव्हरशेजारी फोममध्ये बसवल्या, झाकण लावलं. भोकांवर काळ्या रेग्झिनची रुपयाएवढी दोन गोल ठिगळं अशी चिकटवली, की हात फिरवूनही कळू नयेत. मग हात धुऊन जेवायला बसला. कुणाला सांगितलं नाही. चांगलं काम सांगत फिरायचं नसतं, अशी त्याची समजूत होती.

रविवारी सकाळी सगळे माळावर जमले. माळ मोठा, पाझर तलावाच्या खालच्या अंगाला. दक्षिणेला तलावाचा मुरमाचा भराव, पश्चिमेला लांबवर एक बाभळीचं झाड आणि पलीकडून जाणारा रस्ता. माणूस नव्हतं. सहादेवनं पंख जोडले. पांढरं झाकण उघडून आतली बॅटरी चष्मा न लावता नुसत्या बोटांच्या अंदाजानं जोडली, कारण वर्कशॉपात तीस वर्षं त्यानं अंधारातच हात घातले होते. रिमोटवरच्या दोन काड्या हलवल्या, शेपूट आणि पट्ट्या सगळं हललं.

"काका, रेंज बघायची का परत?" अंजुमनं विचारलं.

"काल बघितली की तू."

"दर वेळेला उडवायच्या आधी बघायची असते."

"एका रात्रीत त्याला काय हुतंय? ते काय दूध हाय नासायला?"

यावर, ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं तो फक्रुद्दीन म्हणाला, "बेटा, उडू दे आता. मागनं वारा सुटतो."

विमान हातानं फेकायचं काम त्याचंच होतं, उंची आणि दंड दोन्ही असल्यामुळे. त्यानं पोटाखाली हात धरला. आपली ठिगळं तळव्याला जराही लागली नाहीत याचं त्याला बरं वाटलं. चार पावलं पळून त्यानं विमान सोडलं, आणि ते आवाज न करता वर चढत गेलं.

फार सुंदर उडत होतं. सहादेवनं मोटर बंद केली तरी ते खाली यायचं नाव घेईना. घारीसारखं नुसतं तरंगत होतं. सहादेवच्या चेहऱ्यावर जी शांती पसरली तशी त्याच्या लग्नातसुद्धा कुणी पाहिली नव्हती. चारएक मिनिटं गेली. मच्छिंद्र मान वर करून अंजुमला विचारत होता.

"अंजुमताई, त्या बुडाखाली तुमी दोन मिशा कशापायी काढल्या? कालच्याला बघितल्या म्या दुकानात."

"ते अँटेना. हे काळं दिसतं ना, सगळं कार्बन. कार्बनमधून रेडिओ आरपार जात नाही. लोखंडी पेटीत मोबाईल ठेवल्यासारखं होतं. म्हणून टोकं बाहेर ठेवायची."

"आन् आत ऱ्हायली तर?"

"तर बहिरं होतं."

फक्रुद्दीन तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. त्यानं हे सगळं ऐकलं. पहिल्यांदा त्याला काहीच झालं नाही. मग काल संध्याकाळी फोममध्ये दुमडून बसवलेल्या तारा त्याला आठवल्या.

तो खाकरला. "समज, एखाद्यानं ती टोकं आत घातली. तरी उडंल ना?"

"कोण घालील आत, अब्बा?"

"समज म्हणलो."

"जवळ असेल तोवर ऐकेल. फटीतून, झाकणातून थोडं शिरतं. लांब गेलं की नाही."

"लांब म्हंजी किती?"

"ते ज्यानं आत घातली त्यालाच कळेल," अंजुम म्हणाली, आणि हसून परत वर बघू लागली.

फक्रुद्दीनही हसला. हसताना दात कोरडे असल्याचं त्याच्या लक्षात आलं.

आता सांगायला हवं होतं, यात शंका नाही. सांगायला लागणारे शब्दही चारच होते. पण त्यानं आधी स्वतःशी विचार केला. विमान उडतंय, म्हणजे ऐकतंय. ऐकतंय, म्हणजे बहुधा अंजुम जरा जास्त घाबरवते आहे. नवीन पोरांना प्रत्येक गोष्टीत धोका दिसतो. आणि सांगितलं तर चाळीस वर्षं ज्या बोटांचं नाव आहे, तीच बोटं मच्छिंद्रच्या तोंडून उद्या बाजारभर फिरतील. शेळीनं शेपूट खाल्लेली गोष्ट तो अजून सांगतो. खाली तर कुणी नाही. पडलं तर माळावर पडेल. सहादेवचं विमान मोडेल, त्याला वाईट वाटेल, पण मरणार कुणी नाही.

तरीही तो सहादेवजवळ सरकला.

"सहादेवा, उतरव आता."

"का रं?"

फक्रुद्दीननं तोंड उघडलं. त्यातून सत्य निघायचं होतं. "ऊन लागतंय," असं निघालं.

"टोपी घाल. अजून धा मिनटांची बॅटरी हाय," सहादेव म्हणाला, आणि विमान आणखी पश्चिमेला घेऊन गेला.

त्याच वेळी रस्त्यावरून दोन ट्रॅक्टर माळात वळले.

प्रत्येकामागं दोन-दोन ट्रॉल्या. ऊसतोडीला कारखान्याकडे निघालेली माणसं, दिवाळी करून. ट्रॉल्यांवर भांडी, गोधड्या, राहायच्या कोपीचे बांबू, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर बायका-पोरं. आणखी दोन गाड्या मागून यायच्या होत्या, म्हणून टोळीच्या वैजनाथ मुकादमानं बाभळीपाशी थांबा दिला होता. बघता बघता तीस-चाळीस माणसं खाली उतरली. फक्रुद्दीनला सुईचं भोक दिसत नाही, त्यासाठी चष्मा लागतो, पण लांबचं त्याला भलतंच स्वच्छ दिसतं. एका तरुण बाईनं ट्रॉलीच्या कड्यापासून बाभळीच्या फांदीपर्यंत लाल लुगड्याची झोळी बांधलेली त्याला दिसली. झोळीत तिनं काहीतरी ठेवलं, झोका दिला, आणि ती परत भांडी लावायला ट्रॉलीवर चढली. काय ठेवलं ते सांगायला चष्मा लागत नव्हता.

"च्या मायला, माणसं आली," सहादेव म्हणाला. "चल बाबा, घरी." त्यानं काडी उजवीकडे ओढली.

विमान वळलं नाही.

त्यानं परत ओढली. विमान सरळ चालत राहिलं, एक क्षण, दोन क्षण, मग आपल्याच मर्जीनं हळूच डावीकडे कललं आणि गोल फिरू लागलं.

"अंजुम," सहादेव म्हणाला. आवाज अगदी बारीक होता. "हे मी न्हाई करत."

अंजुमनं रिमोटकडे बघितलं, वर बघितलं. "सिग्नल तुटला. मी शिकवून ठेवलंय त्याला, तुटला तर मोटर बंद करायची आणि डावीकडे गोल गोल खाली यायचं. पण वारा..." ती थांबली. वारा पूर्वेकडून होता. दर फेरीला विमान थोडं थोडं पश्चिमेला, बाभळीकडे ढकललं जात होतं. "तुटेल कसा पण? तारा तर..."

तिनं वाक्य सोडून दिलं, मच्छिंद्रची मोटरसायकल मच्छिंद्रला न विचारता चालू केली, आणि माणसांना हटवायला ती ट्रॅक्टरांकडे सुटली.

माळावर दोघं उरले आणि तिसरा मच्छिंद्र, ज्यानं खाली बसून डोळ्यांवर हात घेतला होता. विमान ऐंशी मीटर उंचीवर असेल. सव्वादोन किलो, पुढं टोकदार. सहादेव दोन्ही काड्या चारी दिशांना हलवत होता आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. तो वर्कशॉपात अडकलेल्या नटाशीही असंच बोलायचा, पण नट कधी कुणाच्या लेकरावर पडायला निघाला नव्हता.

फक्रुद्दीन विमानाकडे बघत होता. पहिली फेरी. दुसरी. दुसऱ्या फेरीत, विमान गोलाच्या पलीकडच्या कडेला पोचलं आणि आतल्या बाजूला कललं, तेव्हा त्याची पाठ इकडे झाली. उन्हात पांढरं झाकण चमकलं. आणि नेमकं त्याच क्षणी सहादेवची काडी उजवीकडे होती, आणि विमानानं एक झटका उजवीकडे खाल्ला. मग ते इकडच्या कडेला आलं, काळं पोट दिसलं, आणि ते परत बहिरं झालं.

 आता न सांगून चालणार नव्हतं. त्याला जे माहीत होतं ते जगात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं.

"सहादेवा. तारा बाहेर न्हाईत."

"आं?"

"म्या आत घातल्या. काल. पांढऱ्या झाकणाखाली हायेत, दोन्ही. काळं आडवं आलं की त्याला ऐकू येत न्हाई. पांढरं आपल्याकडं झालं की येतं. दर फेरीला एकदा. पलीकडच्या कडेला."

सहादेवनं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पण त्याचा डावा गाल एकदा उडाला.

"ते मागनं बघू," तो म्हणाला. "मला पांढरं-काळं काय दिसंना, नुसता ठिपका दिसतोय. मोतीबिंदूचं आपरेशन एकाच डोळ्याचं झालंय. पांढरं दिसलं की सांग."

"सांगतो."

"आधी न्हाई, मागनं न्हाई. दिसलं की."

"सांगतो म्हणलो ना."

विमान फेरी मारून पलीकडे गेलं. फक्रुद्दीन डोळे न मिटता बघत होता. काळं, काळं, काळी कड, पांढरी रेघ. "आता."

सहादेवनं काडी उजवीकडे दाबली. कललेलं विमान सरळ झालं, आणि सरळ झाल्याबरोबर बहिरंही झालं, पण शेवटचं ऐकलेलं सेकंदभर धरून ते दक्षिणेकडे, भरावाच्या दिशेनं, पंधरा-वीस पावलं गेलं. मग परत डावीकडे कललं आणि फिरू लागलं. सगळा गोल तेवढा दक्षिणेला सरकला होता.

"किती गेलं?"

"पंधरा पावलं."

"भरावापातूर किती लागतील? म्हंजी, माणसांच्या पलीकडं जायाला?"

फक्रुद्दीननं बघितलं. "शंभर तरी."

"फेऱ्या किती उरल्या?"

"सहा. फार तर सात."

दोघांनाही हिशेब शाळेत जेमतेम यायचा. हा मात्र दोघांचाही लगेच झाला, आणि कुणीच उत्तर बोलून दाखवलं नाही.

"आता."

तिकडे अंजुम ट्रॅक्टरांपाशी पोचली होती. ती हात करून ओरडत होती, पळा, पलीकडे पळा. ते तिनं फार चांगल्या हेतूनं केलं. पण आकाशातून काही येतंय म्हटल्यावर माणूस आधी वर बघतो, आणि वर आठ फुटी काळं विमान दिसलं, तेही आवाज न करणारं, तर पळायचं विसरतो. मोठी माणसं तोंड उघडी टाकून उभी राहिली. पोरं तर विमानाच्या खालीच धावली. जिकडे विमान तिकडे पोरं, असा एक घोळका माळावर फिरू लागला. वैजनाथ मुकादमानं मोबाईल काढला आणि शूटिंग सुरू केलं.

"आता."

"माणसं हालली का?"

"हालली," फक्रुद्दीन म्हणाला. "खाली आली त्याच्या."

 सहादेवच्या कपाळावरून घाम नाकावर आला होता आणि टोकाला लटकत होता. पुसायला हात मोकळा नव्हता.

चौथ्यांदा, पाचव्यांदा. विमान खाली येत होतं. अंजुमनं पोरांच्या घोळक्यात मोटरसायकल घातली, एका हातानं एकाचा शर्ट धरला, तेव्हा कुठं बायका ट्रॉलीवरून उतरून आपापलं पोर ओढू लागल्या. बनुबाई नावाची एक म्हातारी होती, मुकादमाची चुलती. तिनं हातातल्या काठीनं दहा-बारा पोरं हाकत ट्रॅक्टरच्या पलीकडे नेली. शेळ्या हाकतात तशी. तिच्याएवढं काम त्या सकाळी कुणीच केलं नाही.

माळ मोकळा झाला. झोळी राहिली.

ती फक्त फक्रुद्दीनला दिसत होती. सगळे वर बघत होते, पोरं मोजत होते, धावणारी पोरं. न धावणारं कुणी असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. झोळी लाल होती, वाऱ्यानं थोडी हलत होती, आणि विमानाचा गोल आता तिच्यावरून जात होता.

"सहादेवा, झाडाशी झोळी बांधलीय."

"रिकामी?"

"न्हाई. लेकरू हाय."

सहादेवनं अंगठे काड्यांवर आणखी घट्ट रोवले. "पांढरं सांग," तो म्हणाला. "दुसरं कायबी सांगू नको मला."

"आता."

विमान सरळ झालं, पंधरा पावलं गेलं, कललं. आता ते नारळाच्या झाडाएवढ्या उंचीवर होतं. फेरी लहान वाटू लागली होती आणि वेग जास्त. ते इकडच्या कडेनं आलं, काळं पोट दाखवत, बहिरं. पलीकडे वळलं. फक्रुद्दीनचे डोळे भरून आले होते, दुःखानं नव्हे, न मिटल्यामुळे. त्यानं बाहीनं पुसले, आणि तेवढ्यात पांढरं येऊन जाईल या भीतीनं अर्धेच पुसले. अंजुमचा आवाज लांबून येत होता, काय म्हणत होती कळत नव्हतं. आणि मग ट्रॉलीवरून त्या तरुण बाईनं पहिल्यांदा झोळीकडे बघितलं. ती उडी मारून खाली उतरताना दिसली. अंतर तिला पुरणार नव्हतं, हे इतक्या लांबूनही दिसत होतं.

"आता," फक्रुद्दीन म्हणाला.

सहादेवनं दाबलं. विमान खाली, अगदी खाली, दोन पुरुष उंचीवर होतं. पण इतक्या खाली आल्यामुळे असेल किंवा वाऱ्याच्या झोतानं असेल, ते सरळ झालं नाही, थोडं कललेलंच राहिलं, आणि पांढरं झाकण इकडे तोंड करून दिसतच राहिलं.

"आता. अजून आता. अजून. अजून हाय, सहादेवा, अजून."

"धरलंय."

ते दक्षिणेला निघालं. वीस पावलं. तीस. पंखाचं टोक बाभळीच्या काट्यांमधून खरकन गेलं. झोळीच्या दोरीपासून दोन हातांवरून काळं धड निघून गेलं, झोळी त्याच्या वाऱ्यानं एकदा फिरली, आणि विमान तसंच पुढं जाऊन भरावाच्या मुरमात नाक खुपसून थांबलं. आवाज नंतर आला. सुकं लाकूड मोडल्यासारखा.

सहादेव खाली बसला नाही, पडलाही नाही. तो उभाच राहिला. काड्यांवरचे अंगठे निघेनात. मच्छिंद्रनं डोळ्यांवरचा हात काढला आणि विचारलं, "कोन मेलं का?"

"न्हाई," फक्रुद्दीन म्हणाला.

"तारा तू आत घातल्या," सहादेव म्हणाला. प्रश्न नव्हता.

"व्हय."

"कशापायी?"

"लोंबत हुत्या."

 सहादेवनं एकेक बोट सोडवत रिमोट गळ्यातून काढला आणि फक्रुद्दीनच्या हातात दिला, का दिला ते त्यालाही माहीत नसावं.

"मला रात्री दाखवलं असतंस," तो म्हणाला, "तर म्या म्हणलो असतो, झ्याक केलं." थोड्या वेळानं त्यानं आणखी सांगितलं, "बॅटरी जोडताना चष्माबी न्हवता लावला."

त्यानं फक्रुद्दीनला हलकं करायला हे सांगितलं असेल, तर त्याचा उपयोग झाला नाही. फक्रुद्दीन चालू लागला. माळ पार करायला त्याला फार वेळ लागला. पाय त्याचे होते, पण दुसऱ्यानं वापरून परत दिल्यासारखे चालत होते.

बाभळीखाली ती बाई झोळी दोन्ही हातांनी धरून उभी होती. लेकरू झोपलं होतं. पाचेक महिन्यांचं असेल, मूठ तोंडात. आजूबाजूला जत्रा भरली होती. पोरं भरावाकडे पळत होती, वैजनाथ मुकादम मोबाईलवर शूटिंग परत परत लावून लोकांना दाखवत होता. अंजुम मोटरसायकलला टेकून उभी होती. तिनं बापाकडे बघितलं, त्याच्या हातातल्या रिमोटकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. 

"तुमचं हाय का चाचा विमान?" बाईनं विचारलं. ती हसत होती. "लई झ्याक उडत हुतं. मला वाटलं, घारच आली का काय लेकरावर. पळत आले."

आता नुसतं हो म्हटलं असतं तरी भागत होतं. मुकादमाला तर ते परत उडवून हवं होतं. कुणाला काही कळलं नव्हतं, आणि अर्ध्या तासात ट्रॅक्टर निघून गेले असते, सहा महिन्यांसाठी.

"विमान दोस्ताचं हाय," फक्रुद्दीन म्हणाला. "चूक माझी हुती. त्याच्या तारा म्या आत घातल्या, म्हणून ते आमचं ऐकत न्हवतं. कुठं पडंल ते आमाला ठाव न्हवतं. तुझ्या लेकरापासून दोन हातांवरून गेलं ते. आमी बघत हुतो."

बाईनं त्याच्याकडे बघितलं. मग भरावात रुतलेल्या विमानाकडे. त्याचं नाक मुरमात वीतभर आत गेलं होतं, आणि दोन पोरं ते उपसून काढायला ओढत होती, निघत नव्हतं. मग तिनं झोळीपासून विमानापर्यंतची जमीन डोळ्यांनी मोजली. तिचं हसू कुठं गेलं ते दिसलं नाही, फक्त ते नव्हतं.

 तिनं शिव्या दिल्या असत्या तर फक्रुद्दीननं घेतल्या असत्या, तो तेवढ्यासाठीच उभा होता. तिनं झोळीत हात घालून लेकरू काढलं, ते रडायला लागलं, तसं छातीशी घट्ट धरलं, आणि त्याच्याकडे पाठ करून ती ट्रॉलीच्या पलीकडच्या बाजूला गेली. तिथून तो दिसत नव्हता.

सहादेव मागून आला. त्याला धाप लागली होती.

"काय म्हणाली?"

"काय न्हाई," फक्रुद्दीन म्हणाला.